भरलेल्या खड्ड्याची भरपाई

गाडी मी चालवते आणि कपडे नवरा धुतो. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, म्हणजे घरात चालतं कुणाचं? आमच्या घरात यंत्रांचं चालतं. धुवायची दोन, वाळवायचं एक, मागच्या खोलीत इस्त्रीचं लांबलचक टेबल आणि दारात आमची पांढरी व्हॅन. दवाखान्याच्या चादरी, दातांच्या डॉक्टरीणबाईंचे हिरवे टॉवेल, दोन लहान हॉटेलांची टेबलावरची कापडं, असं सगळं मी सकाळी पोचवते आणि मळलेलं घेऊन येते. व्हॅन उभी राहिली की यंत्रं उभी राहतात, आणि यंत्रं उभी राहिली की आम्ही तिघं एकमेकांच्या जिवावर उठतो. तिसरे म्हणजे माझे सासरे.

बाबा गवंडी होते. होते म्हटलेलं त्यांना आवडत नाही. गुडघ्यांनी दगा दिल्यावर नवऱ्याने त्यांना काम सोडायला लावलं, तेव्हापासून ते घरभर भिंती ठोकून बघत फिरतात. थापी, सिमेंट घोटायचा लाकडी रंधा, हातोडा, छिन्नी हे सगळं तेलाच्या फडक्यात गुंडाळून पलंगाखाली ठेवलेलं असतं आणि दर आठवड्याला बाहेर काढून पुसलं जातं. त्यांची एक खोड आहे. काही म्हणजे काही फेकू देत नाहीत. मोडकी वीट, फुटकी फरशी, गंजका खिळा, सगळं भरावाला लागतं म्हणून कोपऱ्यात जमा होतं. आमच्या दाराच्या पायरीच्या पोटात माझा आवडता निळा कप आहे. फुटला त्याच दिवशी पायरी होत होती. मी तुकडे शोधत होते आणि हे पायरीवर रंधा फिरवत होते.

तर त्या मंगळवारी मी चादरी घेऊन दवाखान्याकडे निघाले होते. रात्री पाऊस पडून गेला होता. बाजाराच्या मागच्या वळणावर, बंद पडलेल्या बेकरीसमोर पाण्याचं एक डबकं होतं. मला ते डबकं वाटलं. पुढचं डावं चाक आत गेलं, खालून कडाड असा आवाज आला आणि स्टिअरिंग माझ्या हातात नुसतं गरगर फिरायला लागलं. मागचं दार उघडून अर्ध्या चादरी चिखलात. दोन-चार लोकांनी धक्का मारून गाडी कडेला घेतली, एकाने रस्ता बांधणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि सगळे आपापल्या कामाला गेले. मी मोबाईलवर खड्ड्याचा फोटो काढला. नंतर पाहिला तर त्यात पाणी होतं आणि पाण्यात माझंच चिडलेलं तोंड दिसत होतं.

आमच्या मेकॅनिकला सगळे वैद्य म्हणतात, कारण तो गाडीखाली जाण्याआधी बराच वेळ डोळे मिटून इंजिन ऐकतो. त्या दिवशी ऐकायला काही नव्हतं. तो गाडीखालून बाहेर आला तो हातात बिडाचा एक जाडजूड तुकडा घेऊन. चाकाला धरून ठेवणारा दांडा मधोमध तुटला होता, हा अर्धा गाडीला लटकत होता आणि उरलेला अर्धा नाहीसा. पुढचा पत्राही खालून घासून चेपला होता. त्याने खर्चाचा आकडा सांगितला आणि मी त्याला पुन्हा सांगायला लावला. दुसऱ्यांदाही तो तेवढाच होता. आधीच्या दुरुस्तीचे पैसे आमच्याकडे अजून बाकी होते, त्यामुळे सोय झाल्याशिवाय तो हात लावणार नव्हता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर आजवर माझ्याशी कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही. महिनाअखेरपर्यंत भाड्याच्या रिक्षाने जमेल तसं आणून दे म्हणाल्या, पुढे मात्र त्यांना कायमची सोय हवी होती. दुसऱ्या एका धुलाईवाल्याचा माणूस त्यांच्याकडे दोनदा येऊन गेला होता, त्याच्याकडे तीन गाड्या होत्या. आमचं अर्ध्याहून जास्त काम त्या एका दवाखान्याचं. ते गेलं असतं तर एक यंत्र विकावं लागलं असतं आणि दुसऱ्याने घर चाललं नसतं.

भरपाई मागता येते हे मला वैद्याने सांगितलं. मी रस्ते विभागात गेले ती भांडायच्या तयारीने. पण खिडकीतला कारकून निघाला भला माणूस. म्हणाला, बाई, मिळते भरपाई, लोक मागतच नाहीत. अर्ज कसा लिहायचा तेही त्यानेच सांगितलं. फक्त विभागाच्या इंजिनीअरने जागेवर येऊन खड्डा पाहायला हवा, त्याची खोली मोजायला हवी, आणि गाडीचं नुकसान त्याच खड्ड्यात झालं याची त्यांची खात्री पटायला हवी. दोन-तीन दिवस लागतील म्हणाला. मी घाई करायला लागले तेव्हा तो हसला.

"खड्डा कुठे पळून जातोय?"

इंजिनीअर बाई शुक्रवारी आल्या. माझ्याच वयाच्या असतील. पायात जाड बूट, खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारी मोजपट्टी. बोलणं मोजकं. आम्ही बेकरीसमोर पोचलो आणि मी हात करून खड्डा दाखवायला गेले, तर खड्डा नव्हता. तिथे एक बारदान अंथरलं होतं, चिंब ओलं, चारही कोपऱ्यांवर विटा ठेवलेल्या. बाईंनी बारदानाचं एक टोक उचललं. खाली राखाडी, सपाट, गुळगुळीत सिमेंट. कडा रस्त्याशी अशा मिळवलेल्या की बोट फिरवलं तरी अडकत नव्हतं.

मला तो हात ओळखता आला. आमची पायरी अशीच आहे.

माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत वळणावरून बाबा आले. डाव्या हातात झारी, उजव्या हातात काठी, आणि चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांत न पाहिलेलं समाधान. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि त्यांना वाटलं आम्ही त्यांचं काम बघायला आलोय.

"जरा बाजूला व्हा," ते म्हणाले. "पाणी मारायचं आहे."

"हे तुम्ही केलंत?" बाईंनी विचारलं.

"हो. कसं झालंय?"

"छान झालंय," बाई म्हणाल्या. "तीच पंचाईत आहे."

बाई रागावल्या नाहीत, त्याचा मला जास्त राग आला. परवानगीशिवाय रस्त्याला हात लावता येत नाही हे त्यांनी बाबांना शांतपणे सांगितलं. मला म्हणाल्या की जे मी पाहिलं नाही ते मी लिहू शकत नाही, आणि इथे मला खड्डा दिसत नाही, तुमच्या फोटोतही नुसतं पाणी आहे. तरी अर्ज लगेच नामंजूर करत नाही, काही पुरावा मिळाला तर फोन करा. एवढं बोलून त्या गेल्या. बाबांनी शांतपणे झारी रिकामी केली, बारदान सारखं केलं आणि माझ्याबरोबर घरी आले. वाटेत ते मला सांगत होते की वाळू जरा जाडच होती, पण चालून गेली.

घरात शिरल्यावर माझा बांध फुटला. तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं, असं मी विचारलं. बाबा खरोखर गोंधळले.

"तूच म्हणालीस ना जेवताना, कुणाची तरी मान मोडेल तिथे. मग उघडं ठेवून मला झोप लागेना. बुधवारी उजाडताच गेलो, ढकलगाडी नेली."

मी म्हणाले होते हे खरं. पण मी रागाने म्हणाले होते, काम सांगितलं नव्हतं. हा फरक कुठल्याही माणसाला कळतो. गवंड्याला कळत नाही. त्याला रस्त्यात खड्डा आहे एवढंच ऐकू येतं. हे आज मी हसून सांगते आहे. त्या दिवशी हसले नाही. त्या दिवशी मी म्हणाले, "हाताला काम नाही म्हणून तुम्ही हौस भागवून घेतलीत बाबा, आणि माझ्या हातचं काम घालवलंत."

नवऱ्याने इस्त्री बाजूला ठेवली. तो आमच्या भांडणात कधी पडत नाही, चादरीकडे बघत राहतो. बाबांनी रंधा धुतला, पुसला, फडक्यात गुंडाळला आणि पलंगाखाली अगदी आत, भिंतीपर्यंत सरकवून दिला.

शनिवार, रविवार असेच गेले. घरात यंत्रांचा आवाज तेवढा होता. सोमवारी मी भाड्याच्या रिक्षात चादरींच्या गाठोड्यांमध्ये अंग चोरून बसले होते आणि रिक्षा बेकरीवरून गेली. बारदान कोरडं पडलं होतं. वाऱ्याने एक कोपरा उलटला होता. बाबा पाणी मारायला गेले नव्हते. ज्या माणसाने अंगात ताप असताना दुसऱ्यांच्या गच्चीला पाणी मारलं, तो माणूस माझ्या एका वाक्याने घरात बसला होता. रिक्षा थांबवून उतरावं असं वाटलं, पण माझ्याजवळ झारी नव्हती आणि मला तेवढं मोठं मनही लगेच होत नाही.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सांगत होते की वैद्याकडे जाऊन आले, तो काही उधारीवर ऐकत नाही. नुसता तो तुटका दांडा हातात घेऊन हळहळत बसतो. याचा दुसरा तुकडा सापडला असता तर काहीतरी दाखवता आलं असतं म्हणतो. बाबा दारातल्या पायरीवर पाठमोरे बसले होते. ऐकतायत असं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरात नव्हते. मी चिंतेत असतानाच ते काठी टेकत आले, आणि त्यांनी इस्त्रीच्या टेबलावर, अगदी पांढऱ्याशुभ्र चादरीच्या शेजारी, वैद्याकडचा तो बिडाचा तुकडा ठेवला. चालत गॅरेजपर्यंत जाऊन आले होते, त्या गुडघ्यांनी.

"याचा भाऊ माझ्याकडे आहे," ते म्हणाले.

मला काही कळेना. त्यांनी सांगितलं. त्या सकाळी त्यांनी डब्याने खड्ड्यातलं पाणी उपसलं तेव्हा तळाशी बिडाचा एक तुकडा पडलेला होता. जड होता, फेकवेना. तिथल्या तिथे दगडांबरोबर भरावात बसवून टाकला. तेव्हा काय आहे ते कळलं नव्हतं. गॅरेजमध्ये दुसरा हातात घेतल्यावर हाताला कळलं.

"त्या बाईंना फोन लाव," ते म्हणाले. "मी फोडून काढतो."

माझा निळा कप आठवून मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. मी म्हणाले, बाबा, तुमचं काम आहे ते. त्यावर ते म्हणाले, माहीत आहे माझंच आहे, फोन लाव.

मी फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की रस्ता खोदायची रीतसर मंजुरी त्या घेतील आणि उद्या दुपारी येतील. "तोवर हात लावू नका," त्या म्हणाल्या. "या वेळी खरोखर लावू नका."

बुधवारी बेकरीसमोर आमची छोटीशी जत्राच भरली. बाईंनी रस्त्यात आडवे लावायचे दोन लाल-पांढरे खांब आणले होते. वैद्य आपला अर्धा दांडा कागदात गुंडाळून आला होता. नवऱ्याने भर दुपारी इस्त्री बंद केली होती, आणि हे आमच्याकडे कुणी आजारी पडल्याशिवाय होत नाही. बाबांनी फडकं उलगडलं, छिन्नी काठावर टेकवली, हातोडा उचलला आणि तो तसाच वर राहिला. दुसऱ्यांची कामं त्यांनी आयुष्यभर फोडली होती. स्वतःचं कधी फोडलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसले. हातात झाडू घेतला आणि म्हणाले, तुम्ही फोडा, मी खडी बाजूला करते.

पहिला घाव बसला तो नुसताच टणकन परत आला. सुरुवातीचे दिवस पाणी मारून मारून त्यांनी त्याचा दगड केला होता. वैद्य म्हणाला, काका, एवढं पक्कं कशाला केलंत हो. बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरकला. हळूहळू एक ढलपी निघाली, मग दुसरी. त्यांचा गुडघा भरून आला की नवरा हातोडा घ्यायचा, पण कड आली की बाबा तो परत मागून घ्यायचे. भरावातून विटेचे तुकडे निघाले, फरशीचे निघाले, आमच्या जुन्या नळाची तोटी निघाली. आणि मग सिमेंटने माखलेला बिडाचा तुकडा निघाला.

वैद्याने तो फडक्याने पुसला, आपल्याकडचा अर्धा भाग काढला आणि दोन्ही एकमेकांना लावले. तुटलेले दाते एकमेकांत बसले. फट म्हणून राहिली नाही. माझा जीव भांड्यात पडला.

पण इंजिनीअर बाई मान हलवत होत्या. त्या सरळ माणूस आहेत, मनात आलं ते बोलून दाखवतात. म्हणाल्या, तुकडा तुमच्या गाडीचा आहे हे पटलं. पण तो गाडीजवळून उचलून इथे आणून टाकला असं उद्या वरून कुणी म्हणालं, तर मी काय उत्तर देऊ? बाबा उघड्या खड्ड्याशेजारी हातोडा मांडीवर घेऊन बसले होते आणि पहिल्यांदाच मला खूप म्हातारे दिसले.

बाई खोली मोजायला खाली वाकल्या. मोजपट्टी आत सोडली, फोटो काढला, आणि मग तशाच वाकलेल्या राहिल्या. त्यांनी पिशवीतून ब्रश काढला आणि खड्ड्याच्या आतल्या कडेवरची सिमेंटची भुकटी झाडायला लागल्या. पुढच्या कडेच्या दगडावर एक खरवड होती, हातभर लांब, आणि त्या खरवडीत पांढरा रंग घासून बसला होता. आमच्या व्हॅनचा पांढरा. पुढचा पत्रा जिथे चेपला होता तिथला.

"हे उघडं राहिलं असतं, तर एव्हाना गाड्यांच्या चाकांनी पुसून गेलं असतं," बाई म्हणाल्या. मग बाबांकडे वळल्या. "तुम्ही झाकून ठेवलंत म्हणून राहिलं."

बाबांना हे लगेच समजलं की नाही कोण जाणे. मला समजलं. जे तुम्ही घालवलंत असं मी त्यांच्या तोंडावर फेकलं होतं, ते त्यांनी रंध्याने घोटून, बारदान घालून, माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. त्यांनाही नकळत, पण ठेवलं होतं. मी सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले की बाबा, मी वाईट बोलले. ते म्हणाले, तू नेहमीच बोलतेस. नवरा मोठ्याने हसला आणि मग सगळेच हसले.

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या शेरा लिहिला आणि वाचून दाखवला. खड्डा नागरिकाने भरला होता, समक्ष उघडला, खोली मोजली, तुकडा जुळला, रंग जुळला, भरपाईची शिफारस करत आहे. पैसे हातात यायला वेळ लागेल म्हणाल्या, पण नाही म्हणायला कुणाला जागा उरली नाही. वैद्याने ते ऐकलं आणि दोन्ही तुकडे कागदात गुंडाळत म्हणाला की एवढ्यावर तो आजच गाडीला हात घालतो.

सगळे निघायला लागले. बाबा उठेनात. खड्डा उघडा होता.

विभागाची माणसं सोमवारी येऊन डांबर टाकतील, तोवर हे खांब राहतील, असं बाईंनी त्यांना समजावलं. बाबांनी मान डोलावली, पण नजर काही खड्ड्यावरून हलली नाही. मग मीच बोलले.

"भरू दे ना त्यांना. आता तर फोटोही काढून झालेत."

बाईंनी घड्याळ पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, वरिष्ठांना एक फोन केला. मग पिशवी खांद्यावरून उतरवून बेकरीच्या पायरीवर ठेवली. "मी इथे उभी आहे तोवर ते विभागाचं काम," त्या म्हणाल्या. "लवकर आटपा."

नवरा घरून ढकलगाडीवर उरलेलं सिमेंट आणि वाळू घेऊन आला. पाणी मी आणलं. तेच दगड, त्याच विटा, तीच नळाची तोटी पुन्हा आत गेली. फक्त बिडाचा तुकडा या वेळी नव्हता. बाबा गुडघ्याखाली उशी घेऊन बसले आणि रंधा फिरवायला लागले, आणि आम्हा सगळ्यांना सूचनांवर सूचना. पाणी जास्त झालं, वाळू चाळली नाही, त्या बाईंना म्हणावं कामावर सावली पाडू नका. त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात होता.

महिना संपायच्या दोन दिवस आधी व्हॅन आली. नवऱ्याने चादरी भरल्या, मी चावी फिरवली, आणि मोठ्या सिस्टरना फोन करून सांगितलं की माझी स्वतःची गाडी घेऊन निघाले आहे. त्यांनी विचारलं, वेळेवर पोचशील ना? मी हो म्हणाले. निघताना बाबा पायरीवर उभे होते. गुडघा सुजला होता, म्हणून आज त्यांना बाहेर पडायला मीच बंदी केली होती. ते काय विचारणार होते ते मला माहीत होतं.

वळणावर मी व्हॅन थांबवली. मागचं दार उघडून चादरींमागे लपवून आणलेली झारी काढली. बारदान बाजूला केलं आणि कडेकडेने, मग मधोमध, त्यांनी दाखवलं होतं तसं सगळीकडे पाणी मारलं. मागून एकाने हॉर्न वाजवला, मग दुसऱ्याने. मी त्यांना हातानेच थांबायला सांगितलं आणि बारदानाच्या चारही कोपऱ्यांवर विटा परत ठेवल्या.